तिसरी हाक

सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी बघून झाली होती, निदानही मनाशी ठरलं होतं, आणि मग मी कागदावरचं नाव वाचलं. नाव शेवटी वाचायचं ही माझी बावीस वर्षांची सवय. आधी नाव कळलं की डोळा हवं ते बघायला लागतो. स्वरयंत्रातून काढलेला तो तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. कापून, रंगवून काचेवर ठेवल्यावर त्यात कांदा आडवा चिरल्यासारखी गुलाबी वर्तुळं दिसत होती, एकात एक, अगदी सुबक. ती तिथे असायला नकोत. ती दिसली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, कर्करोगाचं, आणि ते मी लिहूनही टाकलं होतं. लवंदियोस हबीब, वय चौसष्ट, गाव माअलूला. माझे काका. बाहेर दमास्कसच्या रस्त्यावर मिनीबसवाले भोंगे वाजवत होते. हाला, माझी मदतनीस, म्हणाली, "डॉक्टर, चहा गार होतोय." मी चहा प्याले. पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि पट्टी कडेपासून कडेपर्यंत, ओळीओळीने तपासली. शेत नांगरतात तशी. काका आमच्याच इस्पितळात येऊन, घशात नळी घालून घेऊन, मला न भेटता परत गेले होते. मी खाली सही केली. सही करताना मनात जे पहिलं आलं त्याची मला नंतर लाज वाटली. मरण नाही, काकू नाही. मनात आलं, आज बुधवार, नऊ तारीख. तेरा तारखेला रविवार आहे.

तेरा सप्टेंबरच्या संध्याकाळी आमच्या गावात दोन डोंगरांवर आगी पेटतात. दुसऱ्या दिवशी क्रूसाचा सण असतो. येशूचा खरा क्रूस एका राणीला सापडला तेव्हा डोंगरामागून डोंगरावर आग पेटवून ती बातमी तिच्या सम्राट मुलापर्यंत पोचवली होती, असं आम्हांला लहानपणी सांगितलेलं. पण आम्हा पोरांना राणीशी काही घेणं नव्हतं. आमचं सगळं लक्ष समोरच्या डोंगरावर. गाव मध्ये, कड्याच्या पोटात, घरावर घर. एका बाजूला पूर्वेचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचा. तुम्ही जन्मता तेव्हा तुमचा डोंगर ठरतो, आणि बाई असाल तर लग्नानंतर बदलतो. पेटते ओंडके कड्यावरून खाली ढकलण्याआधी पूर्वेकडून तीन हाका जातात आणि पश्चिमेकडून तीन उत्तरं येतात. पहिल्या दोन शिव्यांच्या. तिसरी वेगळी. सगळ्या आमच्या भाषेत, आरामीत, उघड्या गळ्याने. येशू हीच भाषा बोलायचा म्हणून बाहेरचे लोक आमच्याकडे डोळे ओले करून बघतात. आम्ही तिच्यात कोंबड्या हाकलतो. पूर्वेकडून गेली अडतीस वर्षं हाक मारत होते लवंदियोसकाका, आणि पश्चिमेकडून उत्तर द्यायचा जिर्यस. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागून वाळलेल्या फांद्यांची मोळी घेऊन चढायचे. ते हाक मारायचे आणि मी आकडे मोजायचे. एक, आणि दोन म्हणायच्या आत समोरच्या कड्यावरून त्यांचाच आवाज परत यायचा, जरा जाडा होऊन. पुढे शाळेत ध्वनीचा वेग शिकवला तेव्हा मी पाटीवर गणित करून घरी धावत गेले. काका, दोन्ही डोंगरांत तीनशे मीटरच अंतर आहे. काका द्राक्षं तुडवत होते. गुडघ्यापर्यंत लाल पाय, आणि चेहरा एकदम गंभीर. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मी इतकी वर्षं चारशे मीटरच्या शिव्या देत होतो. उगाच शंभर मीटर वाया."

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"नजला? नाव सांगत नाही. बघू, आवाजावरून ओळखतेस का."

आवाज कसा होता ते मला बरोबर सांगता येईल. कोरड्या मातीवरून घमेलं ओढल्यासारखा. "ओळखलं, काका."

"मग अजून तेवढा शिल्लक आहे म्हणायचा. रविवारी येणार ना?"

"येते. नईमला सुट्टी नाही, मी एकटीच येईन. तुमच्याबरोबर वर चढते, पूर्वीसारखी."

"आमच्या डोंगरावर पाय ठेवायचा नाहीस. सासरच्या डोंगरावर जा."

 बेसिनमध्ये माझा नवरा नईम टोमॅटो धूत होता, त्याने नळ बंद केला.

"जिर्यस गेला," काका म्हणाले. "मेला नाही. वाईट, मेला असता तर निदान त्याचं थडगं तरी ऐकायला राहिलं असतं. लेकाकडे गेला, काराकसला. पश्चिमेकडे उत्तर द्यायला कुत्रं उरलेलं नाही. पोरं आहेत, ती कर्णा लावून गाणी वाजवणार आहेत म्हणे. मी हाक मारायची आणि समोरून उत्तर नाही? मग ती हाक कशाची, तो नुसता खोकला झाला."

"पण बाईने कधी हाक दिली आहे का?"

"गावात बाई डॉक्टर तरी कधी होती? आणि तुझ्याशिवाय कोणाला सगळं पाठ आहे?"

"काका, मंगळवारी तुमचं..."

"मंगळवार मंगळवारी येईल. तू रविवारचं बघ." फोन ठेवला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मंगळवारी त्यांचं स्वरयंत्र काढणार होते, सबंध. गळ्याला भोक राहणार होतं. हे वाक्य माझ्या डोक्यात दोन दिवस लख्ख उभं होतं, आणि त्याच्याच शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, दुसरं काहीतरी नाचत होतं. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात दोन-दोन पायऱ्या चढत होते. शुक्रवारी भाजी चिरताना धाकटीने विचारलं, आई, तू हसतेस कशाला. मुलींशी मी अरबीत बोलते. नईमशीही अरबीतच, लग्नानंतर दमास्कसला आलो तेव्हा शेजाऱ्यांना कळावं म्हणून सुरुवात केली आणि मग तेच राहिलं. आता रात्री दात घासताना मी ओठांतल्या ओठांत हाका म्हणून बघितल्या. पहिली पाठ होती. दुसरी पाठ होती. पण त्या काकांच्या होत्या, पूर्वेच्या. जिर्यसची उत्तरं मी फक्त समोरून ऐकली होती, तीही ऐकू येऊ नयेत म्हणून आम्ही पोरं डबे बडवत असताना. पाठ होणारच कशी? परीक्षेच्या आदल्या रात्री एक अख्खा धडा वाचायचा राहून गेलाय हे लक्षात यावं तशी मी घाबरले, आणि तरी ते घाबरणंही मला आवडत होतं. इतक्या वर्षांत मला कशाचीच भीती वाटली नव्हती.

रविवारी दुपारच्या मिनीबसमध्ये माझ्या शेजारी जुबअदीनची एक म्हातारी बसली होती. आमच्या शेजारचं गाव, सगळं मुसलमान; पण भाषा आमचीच. मांडीवर कोंबडी, कोंबडीचे पाय बांधलेले. शहर संपलं, उजाड टेकड्या सुरू झाल्या, आणि मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटायला लागले. लाकडं ओली, म्हातारी मेली. लाकडं ओली. जरा वेळाने म्हातारीने कोपराने ढोसलं.

"कोणाला शिव्या देतेयस गं?"

"पश्चिमेकडच्यांना."

"त्यांनी काय केलं?"

"त्यांच्याकडूनच बोलायचं आहे मला."

"मग त्यांनाच शिव्या कशाला देतेस?" म्हातारी कोंबडीकडे वळून म्हणाली, "शिकलेली दिसते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी आरामीत बोलत होतो, आणि मी एकही शब्द शोधला नव्हता.  वळण आलं. कड्याला चिकटलेली निळी-पांढरी घरं एकदम समोर आली, आणि दोन्ही डोंगरांच्या माथ्यावर लाकडांचे ढीग, टाचण्यांच्या डोक्यांएवढे.

सासूबाई गच्चीवर द्राक्षं वाळत घालत होत्या. वर्दे त्यांचं नाव, वर्दे म्हणजे गुलाब, आणि गावात सगळे म्हणतात की बारशाला गुलाब फक्त काट्यांनिशी आला होता. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

"आलीस? हाडं तेवढी आणलीस, मांस शहरात ठेवलंस. ऐकलंय मी. हाक देणार म्हणे."

"काकांनी सांगितलं."

"त्या माणसाच्या गळ्यात सैतानाने रांजण बसवलाय. त्याने पहिल्यांदा हाक दिली त्या वर्षी ती ऐकली आणि माझ्या हातातलं किब्बेचं ताट खाली पडलं. सासऱ्याने आठवडाभर ऐकवलं. आणि आता त्याची पुतणी माझ्या डोंगरावरून त्याला उत्तर देणार. तुझे सासरे असते तर..." त्या थांबल्या. मग द्राक्षाची काकवी गरम पाण्यात कालवून माझ्या हातात दिली. "पी. घसा ओला ठेव. आणि एक लक्षात ठेव, आमची नाचक्की करायची नाही. तो मेला म्हातारा यंदा जरा जोरात ओरडू दे, मग बघ आपण..."

"यंदा त्यांचा घसा बरा नाही, आई."

"नाटकं. दर वर्षी तेच सांगतो."

मी पेल्यात बघत राहिले. काकवी तळाशी वर्तुळं करत विरघळत होती. सांगितलं असतं तर त्यांनी ताट बाजूला ठेवलं असतं, शेजारणी आल्या असत्या, तासाभरात गावाला कळलं असतं, आणि वर जाताना काकांच्या दोन्ही बाजूंना माणसं चालली असती, आजारी माणसाच्या बाजूने चालतात तशी. मी पेला रिकामा केला. गच्चीच्या कठड्यावरून समोरची पायवाट दिसते. काका दोन्ही मुलांच्या पुढे चढत होते, हातात काठी, डोक्याला तेच काळंपांढरं फडकं. अर्ध्या वाटेवर थांबले. मला वाटलं आता इकडे बघतील. त्यांनी फक्त थुंकलं आणि पुढे निघाले. चढ त्यांना जड जात नव्हता. मी पावलं मोजली, मिनिटाला सत्तर.

आमच्या बाजूने सासूबाई धरून आम्ही तिघीचौघी बायका आणि तीसेक तरुण चढलो. एलियान म्हणून एक दांडगा पोरगा पुढारी होता. त्याने बॅटरीवरचा कर्णा आणला होता, नवा, पिवळा. "वहिनी, ह्यात बोला. पार मठापर्यंत जाईल."

"उघड्या गळ्याने द्यायची असते."

"जिर्यसमामांची गोष्ट वेगळी. तुमचा आवाज म्हणजे... बारीक आहे. तिकडे पोचायचा नाही."

"तीनशे मीटर आहे. सेकंदाला थोडं कमी. पोचेल."

तो मित्राला म्हणाला, "डॉक्टरीणबाई शिवीसुद्धा मोजून देणार." सगळे हसले आणि मला बरं वाटलं. हवा थंड होती, वारा पडला होता, हे चांगलं. लाकडांतल्या राळेचा वास येत होता. पाय दगडांवर आपोआप पडत होते, पण ते दगड माझे नव्हते. लहानपणी ह्या डोंगरावर मी एकदाही आले नव्हते. इथून आमचा डोंगर बघणं म्हणजे आरशात स्वतःचा चेहरा उलटा दिसावा तसं होतं. ती खाच, जिथे मी पडून हनुवटी फोडली होती, ती आता डावीकडे होती. तो एकटा बदाम उजवीकडे. आम्ही ज्यांना राक्षस समजून डबे बडवायचो ते इथे उभे राहायचे, आणि त्यांना इथून आम्ही दिसत असू, मुंग्यांएवढे. सूर्य गेला. खाली मठाची घंटा झाली. समोर आधी धूर, मग लाल ठिपका, मग जाळ सरळ वर उठला, आणि एलियानने आमच्या ढिगाला मशाल लावली. धग चेहऱ्यावर थापडेसारखी आली. पोरं ओरडत होती, गावातून फटाके उडत होते, माझ्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशेवीस तरी पडत असावेत. मी कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. समोर जाळाच्या कडेला काका मशाल घेऊन आले. त्यांनी ती डोक्यावर धरली. दोन्ही डोंगर शांत झाले.

मला वाटलं होतं, आवाज फुटणारच नाही. फुटला. फाटका होता, मध्येच हवा सुटत होती, पण रांजण अजून होता, तडा गेलेला का होईना.

"पश्चिमेच्या पोरांनो, लाकडं तुमची ओली,
धुराने त्या खोकून खोकून म्हातारी तुमची मेली!"

माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षांची असताना आला होता तसाच, मानेपासून खाली. पूर्वेचा डोंगर गरजला. एलियान माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, द्या." मी छाती भरून घेतली. आणि माझ्या गळ्यातून, इतक्या वर्षांनी, एकही शब्द न अडखळता, खणखणीत बाहेर पडलं:

"पश्चिमेच्या पोरांनो, पाय तुमचे कापती,
आग बघून आईच्या पदराआड लपती!"

शेवटचा शब्द सुटला तेव्हाच कळलं. मागे तीस पोरं दगड झाली होती. मग कोणीतरी म्हणालं, "ही तर आपल्यालाच..." सासूबाईंचा आवाज आला, "मेली माहेरचं खाऊन आलीय." समोरच्या कड्यावरून जे उसळलं ते हसू होतं. शंभर माणसांचं. खाली गच्च्यांवरून, गल्ल्यांतून, सगळं गाव हसायला लागलं. गावाच्या आठवणीत कोणी स्वतःच्या डोंगराला शिवी दिली नव्हती. आमची पोरंही हसली, एलियान गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. माझे कान जळत होते आणि मीही हसत होते, थांबवताच येत नव्हतं. समोर काकांची मशाल वरखाली हलत होती. ते सगळं अंग हलवून हसत असतात तेव्हा हात असाच हलतो. एक म्हणेपर्यंत त्यांचं हसू माझ्यापर्यंत पोचलं. इतरांतून वेगळं काढता आलं मला. मग दुसरी हाक. तिचेही शब्द ठरलेले असतात, पण त्यांनी ते टाकून दिले.

"पोरी, आधी बघ तू उभी कुठे आहेस!"

"बघतेय, काका!" मी ओरडले. "इथून तुमचा डोंगर लहान दिसतो!"

आता आमचा डोंगर गरजला. एलियानने पाठीवर थाप मारली, अशी की मी दोन पावलं पुढे गेले. सासूबाई म्हणाल्या, "हां. आता कसं."

तिसरी हाक शिव्यांची नसते. तिसऱ्या वेळी दोन्हीकडे टोप्या काढतात. पूर्वेकडून विचारतात, तिकडे कोण आहे? एवढंच. आणि पश्चिमेचा माणूस आपलं नाव, बापाचं नाव आणि घर सांगतो. जिर्यस दर वर्षी सांगायचा, तरी दर वर्षी विचारतात. त्यानंतरच ओंडके सुटतात. समोर डोकी उघडी झाली. काकांनी फडकं काढलं, मशाल डोक्यावर धरली. जाळाच्या उजेडात त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मान ताणली गेली. खांदे वर आले. एक, दोन. तीन, चार. काहीच आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. त्या हसण्यात आणि दुसऱ्या हाकेत शेवटचं होतं ते खर्च झालं होतं. पाच. सहा. जळक्या लाकडाचा तडतडाट तेवढा. दोन्हीकडची माणसं थांबलेली, टोप्या हातात. "काय झालं?" एलियान हळूच म्हणाला. "विसरला की काय म्हातारा? कर्णा देऊ का वहिनी?" समोर काकांचा थोरला पुढे येऊन त्यांच्या कोपराला धरत होता, आणि काकांनी त्याला झटकलं. मशाल अजून वर होती. काचपट्टीवरची ती गुलाबी वर्तुळं मला आत्ता, इथे, तेवढ्याच स्वच्छ दिसत होती, कोणत्या वर्तुळात कोणतं हेसुद्धा. तरी माझ्या मनात दुःखाला जागा नव्हती. मला घाई झाली होती. वर्गात उत्तर येत असलं की होते तशी, बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आतच हात वर जातो तशी.

"नजला!" मी ओरडले. आवाज बारीकच होता, पण गेला. "हबीबची नात, मन्सूरची मुलगी! जन्म पूर्वेचा, घर पश्चिमेचं! ऐकली तुमची हाक!"

मागे कोणीतरी कुजबुजलं, "कुठली हाक?" सासूबाई त्याला म्हणाल्या, "गप. तुझ्या कानांना दडे बसलेत. मी ऐकली." मी वळून बघितलं नाही. माझा आवाज तीनशे मीटर चालला होता, त्याला एका सेकंदाला थोडं कमी लागणार होतं, आणि मी मोजत होते. मी एक म्हटलं. काकांची मशाल खाली आली, जमिनीपर्यंत, सरळ, जिर्यसचं नाव पोचल्यावर दर वर्षी यायची तशी. आणि ते मला त्याच क्षणी दिसलं. तिकडून इकडे यायला उजेडाला काहीच वेळ लागत नाही. मग समोरचा पहिला ओंडका कड्यावरून सुटला, ठिणग्या उडवत, आणि एलियानने आमचा ढकलला.